‘पाव’ हा शब्द पायावरून आला का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘पूर्वी बेकरीत पीठ पायांनी तुडवून मळत, म्हणून त्या रोटीला पाव म्हणतात, असे लहानपणापासून ऐकत आलो. दुसरे कोणी सांगतात की लादीचा चौथा हिस्सा तोडून देत, म्हणून तो पाव. यांतले खरे कोणते? आणि खाण्याचा पाव, पावशेरातला पाव व देव पावला म्हणतो तेव्हाचे पावणे, हे सगळे एकाच शब्दाचे अर्थ आहेत का? शिवाय पाव लिहावे की पांव?’

पहिल्या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. खाण्याचा पाव हा पोर्तुगीज शब्द आहे, पावशेरातला पाव संस्कृत ‘पाद’ या शब्दापासून आला आहे, आणि देवाचे पावणे संस्कृत ‘प्राप्’ या धातूपासून आले आहे. तीन वेगवेगळ्या घरांतून निघालेले हे शब्द मराठीत येईपर्यंत झिजत झिजत एकाच उच्चारापाशी येऊन थांबले. उत्तर इतकेच असते तर दोन ओळींत संपले असते. परंतु पायांनी तुडवण्याची गोष्ट इतकी रुजलेली आहे की ती का टिकत नाही हे नीट दाखवल्याशिवाय कोणाचे समाधान होत नाही, असा माझा अनुभव आहे. मी गेली अनेक वर्षे गोव्यात जुन्या पोर्तुगीज दस्तऐवजांची मराठीत भाषांतरे करतो, आणि या कामात एका शब्दाचा पाठपुरावा करताना दहा शब्द हाती लागतात. ‘पाव’च्या बाबतीत तर ते विशेषच घडते.

आधी आमच्या फोंड्याच्या घराच्या दारातली गोष्ट सांगतो. सकाळी उजाडता उजाडता सायकलच्या भोंप्याचा आवाज येतो, मागच्या टोपलीवर निळे प्लास्टिक बांधलेला पोदेर, म्हणजे पाववाला, फाटकाशी उभा राहतो, आणि शेजारच्या आजी आत सुनेला हाक मारतात : ‘पोदेर पावलो गो, पांव घे.’ या पाच शब्दांच्या कोंकणी वाक्यात आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. ‘पावलो’ म्हणजे पोहोचला, येऊन ठेपला. तिथे आजींचा उच्चार स्वच्छ, तोंडातला आहे. पुढच्या शब्दात मात्र आवाज नाकात जातो आणि ‘पांव’ असे ऐकू येते. आजींनी व्युत्पत्ती शिकलेली नाही, पण दोन वेगळ्या घराण्यांचे शब्द त्यांच्या जिभेवर अजून वेगळे राहिले आहेत. मराठीत हा नाकातला सूर गेला आणि दोन्ही शब्द एकसारखे ऐकू येऊ लागले. गैरसमजाला वाट तिथून मिळाली.

हा अनुनासिक सूर कुठून आला, हे लॅटिनपासून पाहावे लागते. लॅटिनमध्ये रोटीला ‘पानिस’ म्हणत आणि वाक्यात ती कर्म म्हणून आली की ‘पानेम’ असे रूप होई. हा शब्द पोसणे, चारणे या अर्थाच्या धातूशी जोडला जातो. मेंढपाळाला आणि पुढे धर्मगुरूला ‘पास्तोर’ म्हणतात तेही त्याच कुळातले. ‘पानेम’चा शेवट झिजत गेला तशी इटलीत ‘पाने’, स्पेनमध्ये ‘पान’, फ्रान्समध्ये नाकात बोलला जाणारा ‘पँ’ अशी रूपे झाली. पोर्तुगीज भाषेने वेगळीच वाट धरली. तिथे ‘न’ हा व्यंजन म्हणून विरून गेला, पण जाताना आपला नाकातला गुण मागच्या स्वरात ठेवून गेला, आणि शेवटी ओठ गोल करून तो शब्द ‘पांव’ असा उच्चारला जाऊ लागला. ही एकट्या पावाची गोष्ट नव्हे. कुत्रा या अर्थाचा लॅटिन ‘कानेम’ पोर्तुगीजमध्ये ‘कांव’ झाला, हात या अर्थाचा ‘मानुम्’ हा ‘मांव’ झाला. नियम एकदा कळला की शब्द ओळखायला त्रास पडत नाही.

आता हा पोर्तुगीज ‘-आंव’ आपल्याकडे आला तेव्हा त्याचे काय झाले, हे गोव्याइतके स्पष्ट दुसरीकडे कुठेच दिसणार नाही. दर वर्षी २४ जूनला भर पावसात डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून तरुण मुले विहिरींत उड्या घेतात, त्या सणाला आपण ‘सांजांव’ म्हणतो. तो मूळचा सेंट जॉनचा सण, आणि पोर्तुगीजमध्ये जॉन या नावाचा उच्चार ‘जुआंव’. सेबास्तियांवचा ‘बस्त्यांव’ झाला. चर्चमधल्या प्रवचनाला कोंकणीत ‘शेर्मांव’ म्हणतात, सदऱ्याच्या गुंडीला ‘बुतांव’ म्हणतात. ही सारी त्याच शेवटाची पोर्तुगीज नामे आहेत. आणि मराठीतले सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे ‘लिलाव’. पोर्तुगीज ‘लैलांव’ या शब्दाचा नाकातला सूर मराठीने सोडून दिला आणि ‘लिलाव’ केला. जे लिलावाचे झाले, तेच नेमके पावाचे झाले. एकाच साच्यातून निघालेले दोन शब्द असे शेजारी उभे केले की मग पायाची गोष्ट आठवण्याचे कारण उरत नाही. गुजरातीत मात्र अजून ‘पाउं’ म्हणतात. तिथे अनुनासिक टिकला आहे.

पायाच्या गोष्टीवर दुसरा आक्षेप याहून सोपा आहे, आणि तो कोणालाही घरबसल्या तपासता येईल. मराठीत पायाला ‘पाय’ म्हणतात, ‘पाव’ नव्हे. कोंकणीतही ‘पाय’च म्हणतात. गोव्यात आणि कोकणात पीठ पायांनी मळले म्हणून नाव पडले असते, तर ते ‘पायरोटी’ किंवा तत्सम काही पडले असते. ‘पाँव’ म्हणजे पाय हे हिंदीत, आणि म्हणून ही दंतकथा हिंदीच्या मुलखात शोभते. तिथून ती हिंदी बोलणाऱ्यांबरोबर आपल्याकडे आली असावी, असे माझे मत आहे. बंगालीतही ‘पा’ म्हणजे पाय, आणि तिथे ‘पाउरुटी’बद्दल हीच कथा सांगितली जाते. कोणत्या तरी बेकरीत कधी तरी पीठ पायांनी मळलेही असेल, त्याबद्दल माझा वाद नाही. परंतु शब्दाचा जन्म हा वेगळा प्रश्न आहे, आणि ज्या भाषेत तो शब्द प्रथम रुळला त्या भाषेत पायाचे नावच वेगळे आहे.

लादीच्या चौथ्या हिश्श्याची गोष्टही अशीच. पोर्तुगीज भाषेत चतुर्थांशाला ‘क्वार्तु’ म्हणतात. ‘पांव’चा तिथे चौथ्या भागाशी काहीही संबंध नाही. हा शब्द पोर्तुगालमध्ये अख्ख्या रोटीचे नाव म्हणून आधीपासून होता आणि तो आपल्याकडे अख्खाच आला. शिवाय याच शब्दाने जगात इतरत्रही मुक्काम केला आहे. १५४३ साली पोर्तुगीज व्यापारी जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले, आणि पुढे जपानी भाषेने हा शब्द ‘पान’ असा उचलला. आजही जपानमध्ये रोटीला पानच म्हणतात. जपानीतून तो कोरियात गेला आणि ‘प्पांग’ झाला. श्रीलंकेत सिंहली माणूस ‘पान’ म्हणतो आणि तिथला तमिळही जवळजवळ तोच शब्द वापरतो. या लोकांना आपला पावशेर ठाऊक नाही आणि हिंदीतला पाँवही ठाऊक नाही. त्या साऱ्यांना जोडणारा दुवा एकच आहे, तो म्हणजे पोर्तुगीज जहाज. मराठी कानाला जपानी ‘पान’ ऐकून विड्याचे पान आठवते, पण आपले पान ‘पर्ण’ या संस्कृत शब्दातून आले आहे आणि त्याचा या रोटीशी संबंध नाही.

या विषयात गोमंतकीयांनी अभिमानाने सांगावे असे एक नाव आहे. गोव्याच्या बार्देश तालुक्यातील आसगावला १८५५ साली जन्मलेले धर्मगुरू मोन्सेञोर (ही चर्चची मानाची पदवी) सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा अभ्यास करून १९१३ मध्ये कोइंब्रा येथून एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे पन्नास भाषांत पोर्तुगीज शब्द कोणत्या रूपाने गेले आहेत, हे त्यात शब्दवार मांडले आहे. संगणक नसलेल्या काळात, बहुतांशी पत्रव्यवहार आणि वाचन यांच्या बळावर एका माणसाने हे केले. आज कोणी पायांनी तुडवण्याची गोष्ट सांगितली की मला वाटते, आपल्याच मातीतल्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी ज्याची वाट उजेडात आणली, ते आपल्यापर्यंत अजून पोहोचलेले नाही.

पोदेर हा शब्दही इथेच पाहून घेऊ, कारण त्यातही पाव दडलेला आहे, फक्त तो ओळखू येत नाही. रोटी करणाऱ्याला उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘पानातारिउस’ म्हणत. पोर्तुगीज भाषेची एक सवय अशी की दोन स्वरांच्या मधला ‘न’ ती गिळून टाकते. चंद्र या अर्थाचा ‘लूना’ तिथे ‘लुआ’ होतो. त्याच सवयीने ‘पानातारिउस’मधला ‘न’ गेला आणि ‘पादैरु’ राहिला. गोव्यात ‘पादैरु’चा ‘पोदेर’ झाला. त्याची लाकडे पेटवून तापवलेली भट्टी म्हणजे ‘फोर्न’, तोही पोर्तुगीजच. मात्र पोदेराच्या टोपलीत हात घातला की वेगळेच चित्र दिसते. ‘उंडो’ हा आपला शब्द आहे. मराठीत कणकेच्या गोळ्याला उंडा म्हणतात तोच. कोंड्याच्या पिठाची आतून पोकळ असलेली, कोणी ‘पोय’ म्हणतो ती, मुळात आपली पोळी. कडक कडे असते ते ‘कांकण’, म्हणजे हातातले कंकण. परक्यांकडून आपण वस्तू घेतली, तिचे सामान्य नाव घेतले, करणाऱ्याचे आणि भट्टीचे नाव घेतले. पण रोज हाताळताना तिच्या एकेका आकाराला जे नाव दिले, ते आपल्या स्वयंपाकघरातून दिले. मला वाटते, शब्द कसे नांदू लागतात हे यापेक्षा चांगले कुठे पाहायला मिळणार नाही. पीठ आंबवण्याचे साधनही इथलेच होते. माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ फुगवत असत. आता बहुतेक ठिकाणी यीस्ट आले आहे.

चर्चमधल्या प्रार्थनेत याची आणखी एक बाजू दिसते. ख्रिस्ती प्रार्थनेत रोजची रोटी आज आम्हांला दे, असे मागणे आहे. लॅटिन प्रार्थनेत तिथे ‘पानेम’ आहे, पोर्तुगीज प्रार्थनेत ‘पांव’ आहे. गोव्याच्या कोंकणी प्रार्थनेत मात्र ‘आमचो दिसपट्टो गिरास आज आमकां दी’ असे म्हणतात. ‘गिरास’ म्हणजे आपला ग्रास, घास. भात खाणाऱ्या माणसाला देवाकडे जे मागायचे आहे ते पोट भरण्याचे साधन आहे, आणि त्याच्या मनात त्याचे नाव पाव नसून घास आहे, हे भाषांतर करणाऱ्याने ओळखले. मी स्वतः भाषांतरावर जगणारा माणूस असल्यामुळे या एका शब्दापाशी मला नेहमी थांबावेसे वाटते. जो शब्द बाजारात स्वीकारला तोच प्रार्थनेत आणता आला असता, पण आणला नाही, आणि तो निर्णय अचूक होता.

लॅटिन ‘पानिस’ आपल्याकडे आणखी एका वाटेने आला आहे आणि आपण तो रोज वापरतो. ज्याच्याबरोबर एकाच रोटीतले खातो, तो उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कोम्पानियो’, म्हणजे ‘सह-रोटी’. त्यावरून सोबती, मग सोबत्यांचा जथा, मग व्यापारासाठी एकत्र आलेल्यांचा संघ असे अर्थ वाढत गेले आणि इंग्रजीतून आपल्याकडे ‘कंपनी’ आली. रेल्वेच्या डब्यात ‘पँट्री’ असते, तीही रोटी ठेवण्याच्या कोठीवरून आलेली आहे. म्हणजे जो मराठी माणूस कंपनीत काम करतो आणि गाडीत पँट्रीचा वडापाव खातो, त्याच्या तोंडी एकच लॅटिन शब्द तीन रूपांनी येतो.

आता पावशेराकडे वळू. संस्कृत ‘पाद’ म्हणजे पाय. चौपाया जनावराला चार पाय, त्यामुळे एक पाद म्हणजे एक चतुर्थांश, हा अर्थ फार जुना आहे. ऋग्वेदातील पुरुषसूक्तात ‘पादोऽस्य विश्वा भूतानि त्रिपादस्यामृतं दिवि’ असे म्हटले आहे : सर्व भूते हा त्याचा एक पाद, आणि उरलेले तीन पाद अमृतरूपाने स्वर्गात. पाणिनीच्या अष्टाध्यायीतला प्रत्येक अध्याय चार पादांचा आहे, आणि श्लोकाच्या चौथ्या भागाला आपण अजून चरण म्हणतो. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘द’ गळून ‘पाअ’ उरला. मग ती मोकळी जागा भरायला कुठे ‘य’ आला, कुठे ‘व’ आला. राजा शब्दातला ‘ज’ गळल्यावर ‘राय’ आणि ‘राव’ अशी दोन रूपे झाली, तसेच हे. मराठीने दोन्ही ठेवली आणि त्यांची कामे वाटून दिली : शरीराचा अवयव तो ‘पाय’ आणि चौथा भाग तो ‘पाव’. हिंदीने ‘व’ दोन्हींकडे ठेवला, म्हणून तिथे ‘पाँव’ आणि ‘पाव’. तेव्हा चतुर्थांशाचा पाव पायावरून आला, हे मात्र अगदी खरे आहे. लोककथेत सत्याचा कण आहे, पण तो चुकीच्या पावाला चिकटवला गेला.

या ‘पाद’ने आपल्या मोजमापात किती घर केले आहे, हे सहसा लक्षात येत नाही. सव्वा म्हणजे ‘सपाद’, पाव भागासह. त्यातला मधला ‘प’ झिजून ‘व’ झाला आहे. पाऊण म्हणजे ‘पादोन’, पाव भागाने कमी; पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. माझ्या आधीच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ करावी लागे. शेराचे चार पाव आणि सोळा छटाक होत, आणि चाळीस शेरांचा मण. मेट्रिक मापे आली, शेर गेला, पण पाव गेला नाही. तो किलोला जाऊन मिळाला. आजही दुकानात ‘पाव किलो साखर आणि चार पाव द्या’ असे एका दमात म्हणतो, आणि वाणी चूक करत नाही.

इथे एक मौजेची पण पूर्ण खरी गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. खाण्याचा पाव आणि आपला पाय यांचे नाते नाही, परंतु पोर्तुगीजमध्ये पायाला जो शब्द आहे, ‘पे’, त्याचे आणि आपल्या पायाचे रक्ताचे नाते आहे. लॅटिन ‘पेस्’, ग्रीक ‘पूस’, संस्कृत ‘पाद’ आणि इंग्रजी ‘फूट’ हे एकाच प्राचीन शब्दाचे वंशज आहेत. फारसीतला ‘पाय’ही त्याच कुळातला, आणि पायजमा या शब्दात तो आपल्याला भेटतो. झाड मोजतानाही पोर्तुगीज माणूस ‘पे’ म्हणतो. माडाचा एक पे म्हणजे एक माड. भाषांतर करताना मी तिथे सरळ ‘माड’ लिहितो, पण मनात येते की हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले दोन चुलतभाऊ बागायतीच्या कागदावर पुन्हा समोरासमोर आले आहेत.

त्याच भाषेतला एक सारख्या आवाजाचा शब्द मात्र मला चांगलाच शिकवून गेला. ‘पाउ’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये लाकूड, काठी. ‘पांव’ नाकात उच्चारला नाही तर ऐकणाऱ्याला लाकूडच ऐकू येते. जुन्या लेखनात या दोन शब्दांची अक्षरे एकच असत. लाकडाच्या शब्दात ‘अ’वर आघाताची रेघ आणि रोटीच्या शब्दात नागमोडी अनुनासिकाची खूण, इतकाच फरक. एका घरवाटणीच्या जुन्या यादीची टंकलिखित नक्कल माझ्याकडे आली होती. तिच्यात ‘पावाची पेटी’ असे वाचावे लागेल, अशी नोंद होती, आणि तिची किंमत शेजारच्या कपाटाच्या जवळपास धरलेली होती. मी मूळ कागद मागवला. शाई फिकी झाली होती, पण भिंगाखाली पाहिल्यावर ‘अ’वर सरळ तिरकी रेघ दिसली, ती लाकडी पेटी होती. नक्कल करणाऱ्याने ती रेघ नागमोडी वाचली होती. शब्द ऐकून किंवा नुसता पाहून निर्णय करू नये, त्याच्या शेजारी काय लिहिले आहे तेही वाचावे, हे मी त्या दिवसापासून कधी विसरलो नाही.

चिनी ‘बाव’ हा वाफवलेला भरलेला गोळा आजकाल हॉटेलांत मिळतो, आणि त्याचे आणि पावाचे नाते असेल का, असे अनेकदा विचारले जाते. नाते नाही. ‘बाव’ या चिनी शब्दाचा अर्थ गुंडाळणे, गाठोडे असा आहे. हे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे.

राहिला ‘देव पावला’. संस्कृत ‘प्राप्’ म्हणजे पोहोचणे, मिळवणे. जोडाक्षरातला ‘र’ गेला आणि शेवटचा ‘प’ सौम्य होऊन ‘व’ झाला, जसा तापाचा ताव झाला आणि दीपाचा दिवा झाला. असा ‘पाव-’ हा धातू तयार झाला. कोंकणीने त्याचा मूळ अर्थ रोजच्या बोलण्यात जपला आहे : बस पावली, पोदेर पावलो. मराठीत तो अर्थ पत्र पावले, मरण पावला, अशा ठरावीक जागी उरला. देव पावणे म्हणजे मुळात देव पोहोचणे, हाकेला धावून येणे. त्यावरून प्रसन्न होण्याचा अर्थ आला. कोंकणी ख्रिस्ती माणूसही सायबिणीला, म्हणजे मारिया मातेला, ‘आमकां पाव’ म्हणतो आणि मंगेशीला नवस बोलणारी बाईही ‘देवा, पाव रे’ म्हणते. दोघांची क्रिया एकच आहे. पैसे पोहोचल्याचा कागद ती ‘पावती’, हीसुद्धा इथलीच.

मुंबईत एके काळी गोव्याच्या ख्रिस्ती माणसांना ‘माकापाव’ म्हणून हिणवत. ‘म्हाका पाव’, मला पाव दे, या कोंकणी बोलावरून ते केलेले होते, असे मानले जाते. पोटासाठी घर सोडून बोटीवर, बँडमध्ये आणि स्वयंपाकघरांत राबलेल्या लोकांच्या भुकेवरून असा शब्द तयार व्हावा, याचे मला अजून वाईट वाटते. आज ज्या मुंबईची ओळख वडापाव आणि पावभाजी सांगते, तिने तरी तो शब्द पुन्हा उच्चारू नये.

‘पाव’ने सुरू होणारे इतर शब्द या गोतावळ्यात ओढू नयेत. पाऊस हा ‘प्रावृष्’ म्हणजे वर्षाऋतू या शब्दापासून आला, बोलीतला पावणा म्हणजे पाहुणा हा ‘प्राघुण’पासून, आणि पतितपावनातले पावन हे शुद्ध करणे या अर्थाच्या ‘पू’ धातूपासून. प्रत्येकाचे गाव वेगळे.

शेवटचा प्रश्न लेखनाचा. १९६२ च्या मराठी लेखनविषयक नियमांप्रमाणे ज्या अनुस्वाराचा स्पष्ट उच्चार होत नाही तो मराठीत लिहीत नाहीत, आणि मराठी माणूस या शब्दात तो उच्चारत नाही. म्हणून मराठीत ‘पाव’ असेच लिहावे. कोंकणी संवाद लिहिताना जर बोलणाऱ्याचा सूर दाखवायचा असेल, तर ‘पांव’ लिहिणे योग्य होईल. घोटाळ्याची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण व्याकरण तिघांना वेगळे ठेवते : खाण्याचा पाव विकार घेतो, पावाचा, पावाला असा चालतो, चतुर्थांशाचा पाव पुढच्या मापाला जोडून तसाच राहतो, आणि पावणे हे क्रियापद आहे. आमच्याकडे पोदेराकडून घेतलेला उंडा चौघांत वाटायचा झाला की आई प्रत्येकाच्या हातावर पावाचा पाव भाग ठेवत असे, आणि त्यांतला कोणता पाव कोणता, हे आम्हां मुलांना विचारावे लागत नसे.